दुपारी पाणी भरणारी बाई

भक्तीच्या मुलाचा, रिंकूचा, बाप्तिस्मा ज्या वर्षी झाला त्या वर्षी, म्हणजे १९९६ साली, त्याचे आजोबा हिंमतराव साळवे पाळक व्हायच्या परीक्षेत नापास झाले. आणि झाले तेही सगळ्या मंडळीदेखत.

फरीदाबादच्या त्या चर्चमध्ये सकाळी हिंदी उपासना व्हायची आणि दुपारी जागा मराठी मंडळीला मिळायची. नगर, जालना, सोलापूरकडची माणसं. कुणी कारखान्यात, कुणी इस्पितळात, बरेचसे फौजेतून पेन्शनीवर आलेले. हिंमतराव त्यांच्यातलेच, माजी हवालदार. परीक्षेचा उपदेश द्यायला ते सावधानमध्ये उभे राहिले, लिहून आणलेला मजकूर मान न हलवता वाचून काढला, आणि शेवटी 'आमेन' म्हणायच्या जागी परेडच्या सवयीने खड्या आवाजात म्हणाले, "विसर्जन." पहिल्या बाकावरचे तीन माजी फौजी ताडकन उठले, उजवीकडे वळले आणि आशीर्वाद व्हायच्या आधीच दारापर्यंत पोचले.

मंडळी पोट धरधरून हसली. हसले नाहीत ते एकटे परीक्षक उदयसिंह मसीह. दिल्लीच्या पाळकीय वर्गाचे तेच शिक्षक. माणूस पंजाबी, पण शिक्षण पुण्यात झालेलं, त्यामुळे मराठी चांगलं समजायचं. अंगणात त्यांनी हिंमतरावांना बाजूला घेतलं आणि सांगितलं, "तीन महिने देता हूँ, हिंमत भाई. त्यानंतर नाही."

हिंमतरावांना पाळक व्हायचं होतं ते मानासाठी नव्हे. त्यांची आई फरीदाबादलाच वारली. शेवटच्या दिवशी उशाशी बसून हिंदी पाळकांनी मनापासून प्रार्थना केली. म्हातारी डोळे उघडून एवढंच म्हणाली, "हा काय म्हणतोय रे?" त्या प्रश्नाने हिंमतरावांना झोप लागेना. इथल्या मराठी माणसाला मरताना तरी आपल्या बोलीतला शब्द ऐकू यावा, एवढ्यासाठी पन्नाशीच्या तोंडावर ते कारखान्यातल्या सुपरवायझरकीतून वेळ काढून दर शनिवारी दिल्लीला वर्गाला जात होते.

आणि त्यासाठी त्यांनी एक गोष्ट सोडली होती. फौजेत असताना, दिल्ली छावणीत गणपतीला मराठी जवान नाटक बसवायचे. तिथे बायका कुठून आणणार? बाईचं काम हिंमतराव करायचे. हे ख्रिस्ती, उत्सव गणपतीचा, पण त्याचं कुणाला काही नव्हतं. लुगडं नेसून ते आले की अख्खा तंबू गप्प व्हायचा. जवान त्यांना 'हिंमताबाई' म्हणायचे आणि ते रागवायचे नाहीत. पेन्शनीवर आल्यावरही मराठी मंडळाच्या नाटकात त्यांचं काम ठरलेलं असायचं. पण वर्ग सुरू झाला तेव्हा उदयसिंहांनी सांगितलं, पाळकाला सोंग शोभत नाही, हे बंद. हिंमतरावांनी वचन दिलं, लुगडी वाटून टाकली आणि आपण खरंच सोडलं हे दिसावं म्हणून चांगल्या झुपकेदार मिश्या वाढवल्या.

नापास झाल्याच्या संध्याकाळी भक्ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही ना, बिल्कुल ऑर्डर सुनावल्यासारखं बोलता, यार."  हिंमतरावांची बायको शेवंता पोळ्या लाटत होती. तिने वळूनही पाहिलं नाही.

"मिश्या वाढवल्या म्हणून देव फसतो होय?"

"वचन दिलंय मी, शेवंता."

"नाटक सोडायचं दिलंय. बायांचं ऐकायचं कुणी सोडायला सांगितलं होतं?"

मग ती पोळी तव्यावर टाकून सांगत राहिली. लग्नानंतर पहिल्यांदा छावणीत आले तेव्हा नाटकातली ती विधवा म्हणजे आपला नवराच, हे मला अर्ध्या नाटकापर्यंत कळलं नव्हतं. मी रडत होते, कारण ती माझ्या आईसारखी बोलत होती. तुम्ही ते कुठं शिकलात? हापशावर. पाणी भरायच्या निमित्ताने उभे राहायचात आणि बायका कशा बोलतात ते ऐकायचात. आता तुम्ही कुणाचंच ऐकत नाही, नुसतं सांगता.

तिचा गुडघा तेव्हा धरलेला होता. दुसऱ्या दिवसापासून टँकरवर बादल्या घेऊन हिंमतराव जाऊ लागले. त्यांच्या नव्या सेक्टरात नळ केव्हाच बसले होते, फक्त पाणी यायचं बाकी होतं. रांगेत सुनांच्या कागाळ्या, हप्त्यावर घेतलेला रंगीत टीव्ही, दिल्लीत नोकरी लागलेली पोर, सगळं चालायचं. हिंमतराव ऐकायचे. तिथेच त्यांच्या ध्यानात आलं की मंडळीतली राधा रांगेत कधीच नसते. सगळ्या बायका गेल्या की भर दुपारी ती यायची आणि टँकरच्या तळाशी उरलेलं, तापलेलं, गढूळ पाणी न्यायची.

राधाने मारकुटा नवरा सोडून दुसऱ्याशी संसार मांडला होता. तोही पुढे तिला टाकून गेला. चर्चमध्ये ती दाराजवळच्या बाकावर बसायची आणि चहा व्हायच्या आत निघून जायची. चर्चचे पंच खंडेराव उजागऱ्यांच्या बायकोने, वृंदाबाईंनी, तिच्याशी बोलणं टाकलं होतं. मग बाकीच्यांनीही टाकलं.

हिंमतरावांनी एक-दोनदा राधाला विचारून पाहिलं, रांगेत का येत नाही म्हणून. ती म्हणाली, "बरं पडतं असंच, दादा," आणि बादली उचलून गेली.

दुसऱ्या परीक्षेला त्यांनी शास्त्रातली, म्हणजे बायबलातली, विहिरीची गोष्ट घेतली. कागद घरी ठेवला. शेवंताला म्हणाले, पडलो तर पडलो. उदयसिंह पहिल्या बाकावर बसले होते, शेजारी खंडेराव. ते तीन फौजीही होते, पण या खेपेला मागे.

सुरुवात बेताचीच झाली. प्रभू येशू चालून दमले, भर दुपारी विहिरीवर टेकले, तेवढ्यात गावाने वाळीत टाकलेली एक बाई पाण्याला आली. तिच्याकडेच त्यांनी पाणी मागितलं. आता बाईने बोलायचं होतं. तिथे हिंमतराव थांबले. त्यांचा एक हात कमरेवर गेला, अंगाचा भार एका पायावर आला, जणू कडेवर घागर आहे. आवाज त्यांनी बारीक केला नाही. मिश्याही होत्या तिथेच होत्या.

"सकाळी मी येत नाही. सकाळी बायका असतात."

दोन-चार पोरं फिसकन हसली. उदयसिंहांनी भुवई चढवली. आणि मागून, दाराजवळून, आवाज आला.

"दुपारचं पाणी गरम असतं गं."

राधा होती. आपण मोठ्याने बोललो हे तिच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे. अख्खी मंडळी वळून बघू लागली. हिंमतरावांनी तिच्याकडेच पाहिलं.

"असू दे गरम. जिभांइतकं पोळत नाही."

"मग दिलंस का त्याला पाणी?"

"अजून नाही. माझ्या हातचं आजवर कुणी मागितलं नव्हतं. भ्या वाटतं."

राधाने बाकाची कड धरली. "दे," ती म्हणाली. "मागतोय ना तो. दे त्याला."

हिंमतरावांनी घागर कलती केली. ओंजळीत धार पडते तेवढा वेळ ते वाकून राहिले. मग ते सरळ झाले, उरलेली गोष्ट साध्या आवाजात, थोडक्यात सांगितली आणि आमेन म्हटलं. कुणीही जागचं उठलं नाही.

आशीर्वाद झाल्यावर राधा नेहमीसारखी दाराकडे निघाली. वृंदाबाई मधल्या वाटेने लगबगीने तिच्यामागे गेल्या.  त्या म्हणाल्या, "राधा, तुझ्याकडं पाणी आहे का गं प्यायला?" राधाने पिशवीतून बाटली काढून दिली. वृंदाबाई तिथेच उभ्या उभ्या ती तोंडाला लावून प्यायल्या. सगळ्या बायकांनी ते पाहिलं.

अंगणात उदयसिंहांनी हिंमतरावांना पुन्हा बाजूला घेतलं.

"मी नाटक सोडायला सांगितलं होतं."

"सोडलं होतं, साहेब."

"तो फिर ये क्या था?"

हिंमतराव म्हणाले, "नाटकात समोरची बाई काय बोलणार ते मला आधी ठाऊक असायचं. आज नव्हतं."

 उदयसिंह त्यांचा हात धरून त्यांना पुन्हा आत घेऊन गेले. चहा घेणाऱ्या मंडळीला थांबवून त्यांनी मोडक्यातोडक्या मराठीत सांगितलं, "तुमचा पाळक पास आहे." फौजी टाळ्या वाजवू लागले. मागून कुणीतरी 'हिंमताबाई' अशी हाक दिली, आणि या वेळी सगळ्यांत आधी उदयसिंहच हसले. शेवंताने डोळ्यांना पदर लावला आणि भक्तीला म्हणाली, कांदा चिरलेला हात लागला.

पुढच्या वर्षी हिंमतरावांना दीक्षा मिळाली. फरीदाबादपासून पानिपतपर्यंत जिथे मराठी माणूस आजारी असेल तिथे ते बस पकडून जायचे, आधी खुर्ची ओढून ऐकत बसायचे आणि मग प्रार्थना करायचे. राधाबाई २००४ सालच्या मे महिन्यात वारल्या. त्यांची शवपेटी उचलायला वृंदाबाई पुढे झाल्या. हिंमतराव साळवे २००९ सालच्या फेब्रुवारीत फरीदाबादला घरीच वारले. शेवंता त्यांच्या उशाशी होती आणि प्रार्थना तिने केली, मराठीत.