काका प्यायला नव्हता

बाबांची दुसरी थप्पड बसली तसा काका कपाटावर आपटला आणि वरची काचेची बरणी खळकन फुटली.

"पुन्हा ढोसलीस? माझ्या पोरीची शपथ घेतली होतीस ना!"

ती पोरगी म्हणजे मी. आणि काकाने ती शपथ पाळली होती, हे सगळं गॅरेज सांगेल. तिथे तो टायर बसवतो, लोखंडी कांब नुसत्या हाताने वाकवतो. आज मात्र त्याला पेलाही धरता येत नव्हता. पापण्या अर्ध्यावर लोंबत होत्या.

"दा...दा," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "दोन... दिसतोस."

"दोन दिसतोय? मग दोघांचा मार खा!"

बाबांनी त्याला पोटात लाथ घातली. काकू किंचाळली. मी मध्ये घुसले आणि काकाच्या तोंडाजवळ नाक नेलं. दारूचा वास? छे! मी त्याला पाणी पाजलं, तर ते नाकातून बाहेर आलं.

"बाबा, प्यायला नाहीये तो!"

ते पुन्हा धावून आले, तेव्हा मी त्यांना ढकललं. जन्मात पहिल्यांदा आणि अगदी जीव खाऊन!

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी काकाची पापणी उचलून बॅटरी मारली.

"ताप नाही, शुद्ध आहे. आधी डोळे, मग जीभ, आता गिळणं. लुळेपणा वरून खाली उतरतोय. काल काय खाल्लं?"

"दुकानातले डबाबंद मासे," काकू म्हणाली. "डबा फुगला होता, पण ह्यांना टाकवेना. मी मासे खात नाही."

"बोट्युलिझम. खराब डबाबंद अन्नातलं विष. तपासणीची वाट बघत नाही, प्रतिविष आत्ताच देते. विष आणखी पसरणार नाही. पण जे लुळं पडलंय ते सावरायला महिने जातील."

मग त्यांनी काकाच्या गालाकडे बोट केलं. "हे?"

"मी मारलं," बाबा म्हणाले.

"त्याला सगळं कळत होतं. आत्ताही कळतंय."

तेवढ्यात काकाची छाती हलेनाशी झाली. दवाखान्यातल्या चौघांनी त्याला दाबून धरलं, घशात नळी खुपसली. ओठ फाटून रक्त आलं. मी डोळे मिटले नाहीत.

दुसऱ्या दिवशी श्वास यंत्राचा होता, डोळे बंद. सिस्टर बाबांना म्हणाल्या, "जागा आहे तो. पापणी उचला, म्हणजे दिसाल त्याला."

बाबांनी अंगठ्याने हलकेच पापणी वर केली. काकाला नजर हलवता येत नव्हती.

बाबांनीही हलवली नाही.