बिनवासाची हवा

"वास येतोय तोवर घाबरू नकोस. यायचा थांबला, की पळ."

उस्ताद जाऊन वीस वर्षं झाली, तरी टाकीचं झाकण उघडलं की तो घोगरा आवाज काकांच्या कानात उतरतो.

मत्स्यपालनाच्या हौदांतले मासे खाऱ्या पाण्यात जगतात आणि त्याच पाण्यात घाण करतात. ते पाणी या बंद टाकीत येतं. आत हवा नाही, नुसते जंतू. त्यांना साखर कारखान्यातली गोड मळी पाजली की ते घाणीतून पाण्यात आलेलं नायट्रेट फोडतात आणि साध्या नायट्रोजनचे बुडबुडे करून सोडून देतात. पण नायट्रेट संपलं नि मळी उरली, की दुसरेच जंतू माजतात, समुद्राच्या पाण्यातल्या गंधकावर तुटून पडतात. मग सडक्या अंड्यांचा वास. थोडा असला तर नाक धरावं. फार झाला तर आधी नाक मरतं, मग माणूस.

काकांना सगळे नाकवाले म्हणत. वायूचा मीटर बिघडला तरी काम अडत नसे. झाकणावर वाकून ते सांगत, "उतर." नाहीतर, "थांब." चार महिन्यांपूर्वी ताप आला, नाक घेऊन गेला. चहा म्हणजे नुसतं गरम पाणी. घरातसुद्धा ते बोलले नाहीत. नाकावरच तर पोट होतं.

मंगळवारी ते "उतर" म्हणाले. कामावरचा जोडीदार गाळ काढायला उतरला. दोराने वर ओढला तेव्हा ओठ निळे. अजून त्याने डोळे उघडलेले नाहीत. दवाखान्याच्या बाकावर त्याची बायको बसून आहे. पाणी खारं, घाम खारा, आता तिचा पदरही खारा.

"त्याचं काळीजच कमजोर," मुकादम म्हणाला. "काकांचं नाक कधी चुकलंय?"

काकांनी मान खाली घातली.

टाकी गाळाने तुंबलेलीच होती. आज उतरायची पाळी काकांच्या लेकीची. पट्टा आवळत ती हसली, "बाबा, नाकाने कांदे सोलून झाले असतील तर सांगा. उतरू?"

"दुरुस्तीला गेलेला मीटर येऊ दे."

"मीटर?" मुकादम खेकसला. "तोवर तिकडे मासे मरतील! एवढी वर्षं नाक मिरवलंत, आणि पोरीच्या वेळी मीटर?"

काका वाकले. छाती भरून श्वास घेतला. थंड, कोरी हवा. काहीच सांगेना.

लेकीने पहिल्या पायरीवर पाय ठेवला. मग दुसऱ्या.

काकांनी तिचं मनगट पकडलं.

"बाबा, दुखतंय!"

"मला वास येत नाही."

"म्हणजे साफ आहे ना?"

"नाही गं. मला कसलाच वास येत नाही. चार महिने झाले. मंगळवारीही येत नव्हता."