अळणी शुक्रवार

पांढरकवड्याच्या आमच्या चर्चमध्ये पुस्तकांचं एक कपाट आहे आणि त्याची वही माझ्याकडे असते. जिनिंगवर तीस वर्षं कापूस पारखून घरी बसलेल्या माणसाला मंडळीनं दुसरं काय काम द्यावं? पद्धत अशी, की कपाटात कादंबरी आली की तिघांनी ती वाचायची, दर रविवारी आपण उभं राहून जो विश्वासांगीकार, म्हणजे आपण काय मानतो ते, म्हणतो त्याच्याशी ताडून पाहायची, आणि वहीत दोन रकाने भरायचे: जुळतं, जुळत नाही. शिक्का त्यानंतर.

‘चाळिसावा शुक्रवार’ आली तेव्हा मी शिक्का आधी मारला. मुखपृष्ठावर क्रूस होता आणि सुरभी मॅडम कपाटापाशी हात पुढे करून उभ्या होत्या. जिनिंगवर मी वरचा कापूस पाहून कधी गाडी घेतली नाही. कोपरापर्यंत हात खुपसायचो, कारण ओला माल खालीच भरलेला असतो. इथं मात्र वरचं पाहिलं आणि पुस्तक हाती दिलं.

सुरभी मॅडम शाळेत शिकवतात. त्यांनी ती तीनदा वाचली आणि तिन्ही वेळा रडल्या. हे त्या स्वतःच सांगतात, वजन कमी केल्यासारखं. त्यांच्याकडून ती बंजारा तांड्यावरच्या जयाकडे गेली. जया रोज संध्याकाळी आजीला, म्हणजे लालीबाईला, चार पानं वाचून दाखवू लागली. लालीबाईला अक्षरओळख नाही. पहिल्या दिवशी तिनं एवढंच विचारलं होतं म्हणे, “चर्चचा शिक्का हाये का त्याच्यावर?”

होता.

आमच्या वाचन समितीची बैठक दहा महिन्यांनी भरली. सुरभी मॅडमच्या मते तरीही घाईच झाली. उपासना संपली होती, मागच्या पडवीत बाया वांगी चिरत होत्या, कारण महिन्याचा पहिला रविवार आणि जेवण चर्चमध्येच. टेबलाशी आम्ही तिघं होतो: मॅडम, मी आणि आमचे पाळक नयन. पाळक वयानं लहान, पण पेन्सिल घेऊन वाचणारे.

“‘जुळतं’मध्ये लिहा,” पाळक म्हणाले. “देव आहे. येशू आहे. प्रार्थना भरपूर आहे. पोरगी गोड आहे.”

“पोरगी गोड आहे हे विश्वासांगीकारात कुठं येते?” मी विचारलं.

“मग खोडा. आता पान एकशे बारा. तिचा बाप मेला, आणि तो वर ना खाली, मधातच लटकून आहे. पोरीनं चाळीस शुक्रवार अळणी खायचं, तेव्हा तो वर जाणार. एक शुक्रवार चुकला तर पुन्हा एकपासून. मॅडम, असं असेल तर येशू क्रुसावर कायले गेला? मीठ सोडूनच भागलं असतं.”

“कथा आहे हो ती,” मॅडम म्हणाल्या. “कथेत एवढं चालते. ते वाचून कोणी मीठ थोडीच सोडते?”

तेवढ्यात दारात लालीबाई उभी राहिली, मागे जया. लालीबाई वेचणीच्या दिवसांत दोनदा शेतात चक्कर येऊन पडली, हे मला ठाऊक होतं. वयाचं असेल म्हणून सोडून दिलं होतं. आज जवळून पाहिली तर गालफडं आत गेलेली. तिनं ओढणीच्या टोकाची एक दोरी सोडवून टेबलावर ठेवली. दोरीला गाठी होत्या.

“पुंडलिकभाऊ, मोजा.”

मोजणं हा माझा धंदा. तीस भरल्या.

“एकतिसाव्या शुक्रवारी मुकुटबनले लग्नात गेलती. कोणं तरी हातात भजं ठेवलं, मी तोंडात टाकलं, आन् मंग ध्यानात आलं. आता पह्यल्यापासून धरू का? तेवढंच सांगा.”

सुरभी मॅडमनी पुस्तक हळूच पालथं केलं.

कोणासाठी, हे कोणी विचारलं नाही. भीमसिंग, तिचा नवरा, ट्रक चालवायचा. अकरा वर्षं दर रविवारी तो लालीबाईला मोटारसायकलवर घेऊन आला आणि बाहेर निंबाखाली गाडीवरच बसून राहिला. बाप्तिस्मा नाही, उंबरठा नाही. पण गाण्याच्या वेळी त्याची विडी विझलेली असायची, आणि तिला त्यानं एकदाही उशिरा पोचवलं नाही. दोन वर्षांमागं तो गेला.

“दादीनं मले सांगू नको म्हणलं होतं,” जया म्हणाली. “अळणी उतरे ना, तं शुक्रवारी उपाशीच वेचणीले जाये. म्या म्हणलं, गोष्ट हाये दादी. तं म्हणे, शिक्का काहून हाये मंग?”

“शिक्का माझी चूक,” मी म्हणालो. “न वाचता मारला.”

“म्हंजे मीठ सोडून काही होत नाही?” लालीबाई पाळकांकडे वळली. “मंग त्यायचं काय? मी सोडलं तं ते तसेच लटकून राह्यतीन.”

नयन पाळकांना सोपं उत्तर देता आलं असतं. त्यांनी दिलं नाही.

“दादी, खोटं बोलणार नाही. भीमसिंगभाऊंचं काय झालं, ते मले माहीत नाही. पण दर रविवारी आपण काय म्हणतो? जिवंतांचा आन् मेलेल्यांचा न्याय कोण करणार?”

“येशू.”

“क्रुसावर मेला तोच?”

“तोच. दुसरा कोणता?”

“तर मग भाऊ त्याच्या हातात आहेत. तुमच्या मिठाच्या डब्यात नाहीत.”

लालीबाईनं दोरीच्या शेवटच्या गाठीवर बोट ठेवलं.

“माह्या हातात नाहीच?”

“नाही.”

“जराबी नाही?”

“जराबी नाही.”

मला वाटलं, आता ही रडेल. पण डोक्यावरचा भारा बांधावर उतरवावा तशी ती खुर्चीत बसली. पाय लांब केले.

“बरं झालं बाई,” ती म्हणाली. “मले वाटे, एका भज्यापायी म्या त्यायले खाली पाडलं. रात रात डोळा लागे ना.” मग जयाकडे पाहून, “आमच्या पणज्यायनं बैलावर मीठ वाह्यलं, गावोगाव. ते पाह्यत असतीन तं हासत असतीन माह्यावर.”

मी वहीत लिहिलं: पान एकशे बारा, जुळत नाही. खाली, समितीला न विचारता: शिक्का वाचनाआधी मारला, दोष पुंडलिकचा.

“काढून टाका ते कपाटातून,” सुरभी मॅडम म्हणाल्या. तीनदा रडून जे दिसलं नाही ते आता दिसलं होतं बहुतेक. “मीच दिलं होतं जयाला.”

“काढू नका,” लालीबाई म्हणाली. “वेचणी लागली तवापासून आमचं वाचन एकशे चाळीस पानावर अडलं हाये. त्या पोरीनं मावशीच्या घरी मीठ खाल्लं का नाही, ते राह्यलं ना अजून.”

पाळक हसले. ठरलं असं, की पुस्तक राहील, पण एकशे बारा पानावर चिठ्ठी चिकटवायची: ही गोष्ट आहे, रीत नव्हे. चिठ्ठी मॅडमनी स्वतःच्या हातानं लिहिली.

जेवणात वांग्याच्या भाजीला मीठ कमी पडलं होतं. लालीबाईनं वरून मागून घेतलं, दोनदा.