येणार म्हणालेली माणसं

एकशे चाळीस माणसं जेवायला येणार, असं हेतलने सांगितलं तेव्हा मी विचारलं, "कुठून?"

"फेसबुकवरून, कमलाकांत सर."

हे आता कुठलं गाव? आमची संस्था म्हणजे बोईसरमधली भाड्याची एक खोली, तीन खुर्च्या आणि डोंगराकडच्या पाड्यावर चालणारी बालवाडी. हेतल कामाला लागली आणि संस्थेचं पेज निघालं, पेजवर दोन हजार लोक जमले. "लोक आपल्याशी जोडले गेलेत, सर," ती म्हणायची. मला तर एकही दिसत नव्हता. पण न कळणाऱ्या गोष्टीवर वाद घालून मी घरी बरेचदा तोंडघशी पडलोय, म्हणून मुकाट मान डोलवायचो.

या लोकांना पाड्यावर बोलवायचं, रानभाज्यांचं जेवण घालायचं, म्हणजे खरीखुरी ओळख होईल, ही कल्पनाही तिचीच. निमंत्रण पेजवर गेलं. तिथे 'येणार' असं एक बटण असतं म्हणे. ते एकशे चाळीस जणांनी दाबलं आणि मी तोच आकडा बालवाडीत खिचडी शिजवणाऱ्या बायडीला कळवून टाकला.

बायडीने अख्खा पाडा कामाला लावला. बायकांनी रान पालथं घालून टाकळा, कुर्डू, कर्टुली आणली. रविवारी तिच्या अंगणात ताडपत्रीखाली पत्रावळी मांडल्या. आले तिघं. त्यातला एक रिक्षावाला, बाकीच्या दोघांना सोडायला आलेला. बायडीने त्यालाही बसवलं.

दुपार टळली तरी बायका रस्त्याकडे बघत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संस्थेवर विश्वास टाकायला पाड्याने कितीतरी वर्षं घेतली होती, आणि मी तो एका बटणापायी घालवला. आता पोरं बालवाडीत पाठवतील का, हीच धास्ती.

"ऑनलाइन असंच असतं, सर. म्हणतात सगळे, येतात थोडे," हेतल पुटपुटली.

मग हे आधी नको सांगायला? मी तिच्यावर ओरडलो. ती रडवेली झाली, आणि मला आणखीच वाईट वाटलं.

सोमवारी सकाळी बायडी आणि तिचा नवरा जिवल्या ऑफिसच्या दारात हजर. बायडीच्या हातात डबा होता. मी बोलणी खायच्या तयारीत उभा राहिलो.

"भाऊ, कोनाच्या घरी काय झालं?" तिने विचारलं.

"कुणाच्या घरी?"

"येनार म्हनलेल्या मानसांच्या. एवढी मानसं आली नाय. उगाच कोन असं करतंय?"

जिवल्या म्हणाला, "आमच्याकडं जेवायला येनारा आला नाय, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जाऊन बघतात. आजारपन हाय, मयत हाय, काय ते."

मी हेतलकडे पाहिलं, हेतलने माझ्याकडे. यांना काय सांगायचं? हेतलने गोंधळून मोबाईलच पुढे केला. त्यात एका माणसाच्या जागी गुलाबाचं फूल होतं, एकाच्या जागी गणपती, एकाच्या जागी कुणाचं तरी बाळ.

"यांची घरं कुठं?" बायडीने विचारलं. इतके महिने मलाही हेच विचारायचं होतं.

शेवटी एक सापडली. रूपाली नावाच्या बाईने शनिवारी रस्ता विचारताना आपला नंबर आणि पत्ता दिला होता. एमआयडीसीच्या मागच्या चाळीत राहत होती. हेतलने फोन लावला, तो उचलला नाही.

"बघा," बायडी म्हणाली आणि निघालीच.

रिक्षात कोंबून घेऊन आम्ही चौघं तिथे पोचलो. दार उघडून रूपाली आमच्याकडे बघतच राहिली. एकटीच होती, नवरा पहिल्या पाळीला गेलेला.

"काल तू येनार होतीस, बाय," बायडी म्हणाली. "आली नाय. बरी हायस ना?"

"मी... ते नुसतं बटण दाबलं होतं." रूपालीची नजर डब्यावर गेली. "नाही, खोटं कशाला बोलू? साडी नेसून तयार होते. मग वाटलं, तिथे आपल्याला कोण ओळखतं? नाही गेलं तर कुणाच्या लक्षातही येणार नाही."

"आलं ना ध्यानात. तुझी पत्रावळ तशीच ऱ्हायली."

रूपाली दाराला धरून रडायलाच लागली. लातूर सोडून चार वर्षं झाली, शेजारचे भाडेकरू ओळख होण्याआधीच बदलतात, दार वाजवतो तो फक्त गॅसवाला, असं काय काय ती हुंदके देत सांगत होती. मी आपल्या चपलांकडे बघत उभा राहिलो. बायडीने तिला आत नेऊन बसवलं, टाकळ्याची भाजी आणि भाकरी पुढे ठेवली, आणि ती जेवेपर्यंत कुणाला हलू दिलं नाही.

बाहेर पडल्यावर बायडीने हेतलला विचारलं, "आता कोनाकडं? तो फुलवाला कुठं ऱ्हातो?"

हेतल मान खाली घालून त्या फुलाला मेसेज लिहायला लागली. रिक्षात पाचवा माणूस कसा बसणार, याची मला चिंता पडली, कारण मागून रूपालीचा आवाज आला होता, "थांबा, कुलूप लावते. मी पण येते."