जुन्या रायफलच्या मापाची काडतुसं

१९५४ सालच्या वसंतात प्रुएटच्या हार्डवेअरच्या दुकानात नव्या जातीच्या सुट्या गोळ्या आल्या. टोकदार, लांबट, आणि पोटात तांब्याचा आडवा पडदा असलेल्या. पुढचा भाग फुलला तरी मागचा शाबूत राहतो आणि एल्कच्या, त्या घोड्याएवढ्या सांबराच्या, खांद्याचं हाड फोडून पलीकडे जातो, असं प्रुएट येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. महायुद्धापासून बिटररूटच्या खोऱ्यातल्या लोकांनी मिळेल ती गोळी भरून दिवस काढले होते, त्यामुळे दुकानात ही झुंबड उडाली. सिग्ने ब्रेके टेलिफोन एक्स्चेंजमधून सुटून थेट तिथे गेली आणि एक डबा घेऊन आली.

ब्रेक्यांच्या घरी काडतुसं मागच्या पडवीत भरली जायची. वापरलेल्या पितळी पुंगळ्या जपून ठेवायच्या, तळाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, दारू तोलून ओतायची आणि वरून प्रेसचा दांडा ओढून गोळी दाबायची. हे सगळं सिग्नेला तिच्या बाबांनी, लॉरिट्सने, शिकवलं होतं. दोन वर्षांपूर्वी त्याचा हात थरथरायला लागला. तराजूच्या पारड्यात दारू राहायची कमी आणि टेबलावर सांडायची जास्त. तेव्हापासून भरायचं काम सिग्नेकडे आलं. का आलं, हे घरात कुणी बोललं नाही.

त्या वर्षी लॉरिट्स स्वतःहून म्हणाला होता, "शरदात तू चल माझ्याबरोबर. आर्लो लष्करात आहे. दुसरा घोडा रिकामा कशाला न्यायचा?"

सिग्ने तेव्हा सव्वीस वर्षांची होती. आजवर बाबांबरोबर तिचा भाऊ आर्लोच जायचा. डोंगरावरच्या त्या कॅम्पच्या गोष्टी ती फ्रॉक घालायची तेव्हापासून ऐकत आली होती. वरचं गवताळ पठार, तंबूतली पत्र्याची शेगडी, पहाटे एल्कच्या नराने घातलेली शीळ. ब्रेक्यांची बाई तिथे कधी गेली नव्हती. आणि आता बाबा म्हणत होते की त्यांची जुनी रायफल तिने चालवायची.

तिने उन्हाळाभर खपून त्या रायफलला नेमकं बसेल असं काडतूस जमवलं. गोळी मेणबत्तीच्या काजळीत काळी करायची, रिकाम्या पुंगळीत बसवायची, रायफलमध्ये घालून मागचा सरकता बोल्ट बंद करायचा आणि अलगद बाहेर काढून बघायची. काजळीवर नळीतल्या पिळदार कंगोऱ्यांचे, म्हणजे आट्यांचे, ओरखडे दिसले की गोळी फार पुढे आली. मग केसभर आत दाबायची, पुन्हा काजळी. लॉरिट्सच्या रायफलचे आटे सुरुवातीला झिजून पुढे सरकले होते, म्हणून तिच्यात गोळी बरीच बाहेर ठेवावी लागे. तशी ठेवली की निशाण्याच्या कागदावरची भोकं एकमेकांना चिकटून पडत. लॉरिट्सने तो कागद खिडकीशी धरून पाहिला होता.

"ही वरच्या खिशातली काडतुसं," तो म्हणाला होता. कॅम्पात पहिलं काडतूस बापाने शर्टाच्या खिशातून काढून द्यायचं, ही त्याच्या बापापासूनची रीत होती.

सप्टेंबरात आर्लो परत आला. लष्कराच्या पगारातून त्याने नवी कोरी रायफल घेतली होती, बाबांच्या रायफलच्याच बोअरची, तेच काडतूस लागणारी. पहिल्याच रविवारी जेवताना लॉरिट्सने बटाटे कुस्करता कुस्करता सांगितलं, "सिग्ने, तू पुढच्या वर्षी ये."

"पुढच्या वर्षी हा कुठे जाणार आहे?"

"मी कुठं जातोय," आर्लो हसला. "तू काडतुसं भर की आमची. तंबूत आंघोळीची सोय नसते, बाईसाहेब."

"ते तुझ्या अंगाच्या वासावरून कळतंच."

"जेवताना नको," आई म्हणाली.

सिग्ने उठून गेली नाही. जेवण झाल्यावर तिने आर्लोची रायफल पडवीत नेली आणि काजळी लावून बघितली. दुसऱ्या दिवशी तिने दोघांना बोलावून सांगितलं, "याच्या रायफलचे आटे फार जवळ सुरू होतात. बाबांचं काडतूस यात घातलं तर गोळी आट्यांत रुतून बसेल. याची मी वेगळी भरलीत, गोळी आत दाबून. बुडाला नेलपॉलिश लावलंय."

"लाल," आर्लो म्हणाला. "माझ्या रंगाला शोभेल."

"बाबा, ऐकलंत ना?"

"मला शिकवतेस? तुला कुणी शिकवलं?" लॉरिट्स म्हणाला, पण रागाने नाही. आपली काडतुसं त्याने खिशात टाकली.

आठवड्याने दोघं परतले. घोड्यांवर मांस नव्हतं. लॉरिट्स हात धुवायला गेला. आर्लोने एक रिकामी पुंगळी टेबलावर सिग्नेपुढे टाकली.

"घे, तुझी कारागिरी."

मग त्याने सांगितलं. पहाटे कड्यावर बाबांनी खिशातलं काडतूस दिलं, त्याने ते भरलं. बोल्ट जरा जड लागला, पण थंडीत सगळंच जड लागतं. तिथे काही दिसेना, म्हणून पलीकडच्या कुरणात जायचं ठरलं. भरलेली रायफल घेऊन घोड्यावर बसायचं नाही, हा बाबांचा नियम. म्हणून त्याने बोल्ट ओढला, तर पुंगळी तेवढी बाहेर आली. गोळी नळीत रुतलेली, दारू सगळी बोल्टमध्ये सांडलेली. आणि त्याच वेळी पाइनच्या झाडीतून नर बाहेर आला. नळीतली गोळी ठोकून काढायचा गज तंबूत.

"मग बाबांनी आपली काढली," आर्लो म्हणाला. "तीनदा झाडली. मातीत, मातीत आणि देव जाणे कुठे. तो एल्क उभा राहून बघत होता. शेवटी कंटाळून गेला बिचारा."

लॉरिट्स टॉवेल हातात घेऊन दारात उभा होता. त्याचे कान लाल झाले होते.

सिग्नेने पुंगळी उलटी केली. बुडाला लाल नव्हतं.

"हे याच्यासाठी नव्हतं, बाबा. मी सांगितलं होतं."

"काडतूस भरलं कुणी?" लॉरिट्स म्हणाला.

"मीच भरलं. पण तुमच्या रायफलसाठी. तुम्ही..."

"मग झालं तर."

आईने सुपाचं भांडं टेबलावर ठेवलं आणि झाकण काढलंच नाही. सिग्नेने विचारलं, "पुढच्या वर्षी मी येणार ना?"

"आधी नीट भरायला शीक," लॉरिट्स म्हणाला आणि त्याने झाकण काढलं.

त्या घरासाठी सिग्नेने पुन्हा काडतूस भरलं नाही, आणि भर म्हणून कुणी तिला म्हटलंही नाही. लॉरिट्स आणखी दोन शरद दुकानातली तयार काडतुसं घेऊन वर गेला, मग हात फारच हलायला लागला तसा घरी बसला. १९६१ साली तो गेला. रायफल मुलाकडे जाते म्हणून आर्लोकडे गेली, आणि आर्लोने बोटीचं इंजिन घ्यायला ती मिसूलात विकून टाकली. बहिणीच्या काडतुसाची गोष्ट तो प्रत्येक लग्नात सांगायचा; बाबांच्या तीन गोळ्या त्यातून हळूहळू गळून गेल्या. स्पोकेनला हृदयविकाराने तो वारला. आईची शेवटची वर्षं सिग्नेकडे गेली. एकदा वाटाणे सोलताना ती म्हणाली, "तुझ्या बाबांना माहीत होतं गं, चूक कुणाची ते," आणि तिने पुढची शेंग उचलली.

सिग्नेने स्वतःची रायफल घेतली. एक्स्चेंजच्या सुट्टीत ती खालच्या टेकड्यांवर एकटी जायची, आणि बहुतेक वर्षी तिच्या तळघरात मांस असायचं. वरच्या कॅम्पची वाट मात्र ब्रेक्यांच्या घोड्यांची होती, आणि त्या घोड्यांवर तिला कुणी बसवलं नाही. दोन हजार सालच्या वणव्यात ते पठार जळालं. धूर खोऱ्यातून दिसत होता. आर्लोची नात तिच्याकडे राहायला आली होती, ती ओसरीवर उभी राहून बघत होती.

"सिग्नेआजी, कसं होतं गं तिथे?"

"मला काय माहीत," सिग्ने म्हणाली, आणि धूर घरात येऊ नये म्हणून खिडक्या लावायला आत गेली.