पिवळं पाणी

नळाचा सांधा गटारात गळत होता आणि त्याभोवती नऊ माणसं उभी होती. सल्ला नऊही जणांनी दिला, पाना एकट्या दत्तारामाने आणला. वाडीचे पंप तोच दुरुस्त करी.

"शंकरा, सायकलची ट्यूब गुंडाळ नि वरसून तार आवळ," तो पंप चालवणाऱ्या शंकरला म्हणाला. "आणि पंप सारखो बंद करू नको. बंद झालो की फुटको पायप भायला पाणी आत वढता."

भायलं म्हणजे बाहेरचं, गटारातलं; वरच्या घरांच्या संडासटाक्या भरून वाहिल्या की त्यातच उतरत. पण बोलणं पाइपाचं चाललं होतं, पिण्याचं नव्हे.

"तुज्या सुगंधाचे डोळे पिवळे कित्या रे?" रुक्मिणीकाकीने मधेच शंकरला त्याच्या बायकोबद्दल विचारलं. "सातवो म्हयनो लागलो मां तिका?"

"होय गो काकी. ओरोसाक हास्पिटलात नेऊन रगत तपासूचा म्हणतंय."

"चुन्याच्या पाण्यात हात धुयलेस तिचे? पाणी पिवळा झाला?"

"झाला."

"मगे रगत कित्याक तपासूक व्हया? कावीळ ती! घाटाखालचो म्हातारो झाडपाल्याचो रस देता. तीन दिस उपाशी पोटी."

नऊच्या नऊ माना हलल्या. एवढं एकमत वाडीत देवळाच्या छपरावरूनही झालं नव्हतं. शंकरने ट्यूब गुंडाळली, रस आणला. सांधा तरीही झिरपत राहिला.

चौथ्या दिवशी सुगंधा बडबडू लागली. शंकरला म्हणाली, "तू कोणाचो रे?" तेव्हा गाडी केली.

ओरोसची डॉक्टरीण तरुण होती. "कावीळ आहे हे तुम्हाला कळलं होतं ना?"

"होय मॅडम. चुन्याने."

"कावीळ झाली हे कळलं. लिव्हर किती बिघडलं, ते चुना सांगतो का?" तिने कागद खाली ठेवला. "बाळाचे ठोके लागत नाहीत. पाणी कुठलं पिता?"

"नळाचं. झऱ्यावरून पाइप येतो, मग गटारा..." शंकर उठलाच.

बाहेर येऊन त्याने नळ बंद करायला सांगण्यासाठी दत्तारामाला फोन लावला. पण दत्ताराम आधीच बोलू लागला.

"बरो गावलस! आमच्या लेकीचे, समीक्षाचे डोळे पिवळे दिसतत. चुन्यान बघितलंय, खरा आसा. तुका अनुभव आसा म्हणान इचारतंय, तो रस सकाळीच दिवचो मां?"

काचेपलीकडे नर्स बरळणाऱ्या सुगंधाचे झटकणारे हात पलंगाला बांधत होत्या.

"माका काय इचारू नको रे," शंकर म्हणाला. "नळ बंद कर नि गाडी कर."