बाहीचा रंग

आमच्या थोरल्या जाऊबाईंबरोबर कागद आणायला जाणं म्हणजे डोक्याला ताप. हे मी त्यांच्या तोंडावर सांगते, आणि दर वेळी चपला घालून त्यांच्याआधी दारात उभी असते तीही मीच. घरातल्या प्रत्येक पोरासाठी त्यांनी स्वतःच्या हातानं फोटोंचा एकेक अल्बम केलाय. पानापानावर निवडून घेतलेला कागद, त्यावर फोटो, कुठे फीत, कुठे जुन्या सदऱ्याचं बटण, खाली त्यांच्या टपोऱ्या अक्षरात एखादी ओळ. बाहेरच्या खोलीतल्या फळीवर हे अल्बम रांगेनं उभे असतात. पाहुणे आले की पोरं आपापला अल्बम ओढून काढतात आणि पाहुण्यांची सुटका नसते.

कागद निवडण्याची त्यांची रीत बघण्यासारखी आहे. फोटो बरोबर असल्याशिवाय त्या दुकानाची पायरी चढत नाहीत. दुकानातल्या दिव्याखाली कागद कधी पसंत करत नाहीत, उचलून दारात उजेडात आणतात. फोटो कागदावर ठेवायचा, डोळे मिटायचे, उघडायचे. आधी चेहरा दिसला तर कागद पास. आधी कागद दिसला तर नापास, मग तो कितीही देखणा असो. आणि रंग कपड्यांवरून घ्यायचा नाही. लाल फ्रॉकला लाल कागद लावला की पोर त्यात बुडून जातं, असं त्यांचं म्हणणं. माझ्या लेकीच्या एका फोटोसाठी त्यांनी मागच्या खिडकीच्या गजांचा राखाडी रंग घेतला, तेव्हा मी चांगलं नाक मुरडलं होतं. पान तयार झालं आणि मी मुकाट्यानं चहा करायला गेले. लेकीचे गाल इतके गुलाबी आहेत हे मला, तिच्या आईला, तोवर दिसलंच नव्हतं.

दुसरी त्यांची करामत म्हणजे कापणं. पोलादी पट्टी, धारदार पातं, आणि फोटोतलं नको ते सगळं बाहेर: अर्धी बादली, उघडं दार, कुणाचं तरी कोपर. हात एवढा सफाईदार की तिथे काही होतं असा संशयही येऊ नये. आमच्या घरात या हाताचं फार कौतुक, आणि त्या कौतुकानंच घोळ केला.

झालं असं, की माझ्या धाकट्या दिरांनी बऱ्याच उशिरा लग्न केलं आणि नव्या जावेबरोबर तिची आठ वर्षांची मुलगीही घरात आली. तिचे वडील ती जेमतेम दोन वर्षांची होती तेव्हाच गेलेले. दिरांनी तिचं नाव मुंगी ठेवलं, कारण ती आपली वस्तू गुपचूप उचलायची, भिंतीच्या कडेकडेनं कोपऱ्यात न्यायची आणि वाटेत कुणाशी बोलायची नाही. कपाटातला एक कप्पा तिच्यासाठी रिकामा केला होता, तरी तिचे कपडे बॅगेतच. पाहुण्यासारखी राहायची पोर. कुणाला काका नाही, काकू नाही. काही हवं असलं की समोर येऊन उभी राहायची आणि आपणच ओळखायचं.

तिच्या वाढदिवसापर्यंत तिचाही अल्बम फळीवर लागावा, असं आम्हा सगळ्यांना फार वाटत होतं. फळीवर जागा मिळाली म्हणजे पोर घरची झाली, असा आमच्याकडचा हिशेब. पण फोटो तिच्याकडे होते, एका प्लॅस्टिकच्या पाकिटात, आणि ते पाकीट ती कुणाच्या हाती देत नव्हती.

दिरांना वाटलं आपण गोडीगुलाबीनं काम करू. तिला शेजारी बसवून त्यांनी माझ्या मुलाचा अल्बम उघडला आणि समुद्राकाठचा फोटो दाखवला. म्हणाले, इथे कडेला एक माणूस उभा होता, वहिनीनं त्याला असा उडवला की कुणाला पत्ता नाही. तूही तुझे फोटो दे, बघ कसे साफ करून देते. ते स्वतःच खूप हसले. मुंगी हसली नाही. दुसऱ्या दिवशी ते पाकीट तिच्या दप्तरात गेलं आणि तिच्याबरोबर शाळेलाही जाऊ लागलं.

आम्ही बुचकळ्यात पडलो. शेवटी धाकट्या जावेनंच स्वयंपाकघरात सांगितलं. जुना फोन बिघडला तेव्हा त्यातलं सगळं गेलं. मुलीच्या वडलांचा एकच फोटो आता उरलाय, आणि त्यातही ते कडेला आहेत, अर्धेच. ऐकून दिरांचा चेहरा असा उतरला की माझी चेष्टा करायची सवयही गप्प बसली. ते लगेच तिला समजवायला उठले, पण जाऊबाईंनी त्यांना खाली बसवलं.

"तू आता काही बोलू नकोस. तुझं बोलून झालंय."

मी म्हटलं, ताई, मग तुम्हीच सांगा ना तिला, की कापणार नाही म्हणून. त्यावर त्या म्हणाल्या की मोठी माणसं नाही नाही म्हणत काय काय करतात, ते या पोरीनं पाहिलंय. नुसतं सांगून ती कशाला विश्वास ठेवेल?

शनिवारी त्या मुंगीला म्हणाल्या, कागद आणायला येतेस का? फोटो हवा तर घे, नको असेल तर राहू दे. मुंगी पाकीट छातीशी धरून निघाली, आणि मी काय, दारात उभीच होते.

कागदाच्या दुकानातल्या बाई आम्हाला बघून नेहमी एक खोल श्वास घेतात. सपाट लांब खण, त्यांत रंगाप्रमाणे लावलेले कागद: खरखरीत हातकागद, गुळगुळीत कार्डशीट, बारीक फुलांचे, रेघांचे, ठिपक्यांचे. भिंतीवर फिती, स्टिकर, कागदी फुलं. बाईंनी सवयीनं विचारलं, फोटो कुठाय?

"तो तिच्याकडे आहे," जाऊबाई म्हणाल्या. "तिला वाटलं तर ती बघेल आणि कागद चालतोय की नाही ते सांगेल."

मग जे सुरू झालं ते मी जन्मात विसरणार नाही. फोटोशिवाय पायरी न चढणारी ही बाई, हात रिकामे ठेवून, एकेक कागद उचलून दारात नेऊ लागली. मुंगी आमच्याकडे पाठ करायची, पाकिटात डोकावायची, वळून मान हलवायची. पिवळा, नाही. आकाशी, नाही. फुलाफुलांचा तर बघितलाही नाही. मी माझं शहाणपण पाजळायला एक चमचमता गुलाबी पुढे केला. दोघींनी माझ्याकडे एकाच नजरेनं बघितलं आणि मी तो परत खणात ठेवला. गल्ल्यावर कागदांचा ढीग झाला. बाई चष्मा पुसत होत्या, माझे पाय बोलायला लागले होते, पण जाऊबाईंच्या आवाजात कंटाळ्याचा मागमूस नव्हता. मुंगीनं नाही म्हटलं की त्या नुसतं विचारायच्या, गडद झाला की फिका? आणि मुंगी, जी घरात पाणीसुद्धा मागत नव्हती, ती सांगायला लागली. हा फार ओरडतोय. हा बरा आहे, पण मळल्यासारखा दिसतो.

बऱ्याच वेळानं ती स्वतःच दारात गेली, पाकीट उघडलं आणि फोटो बाहेर काढून कागदावर ठेवला. आम्ही दोघी वाकलो. तीनचाकी सायकलवर बसलेली दीड-दोन वर्षांची मुंगी, मागे अंगण, दोरीवर कपडे. उजव्या कडेला तिचा अंगठा, घट्ट दाबलेला. त्या अंगठ्याखाली कोण आहे हे आम्हाला माहीत होतं. जाऊबाईंच्या नेहमीच्या नियमानं बघितलं तर ती कड उडालीच असती.

जाऊबाईंनी फोटोला हात लावला नाही. नुसती कागदाची कड धरली आणि म्हणाल्या, "बाळा, अंगठा जरा बाजूला घेशील? मला त्यांच्या बाहीचा रंग बघायचाय. कागद त्यावरून घेऊ."

कपड्यांवरून रंग घ्यायचा नाही हा आपलाच नियम त्यांनी मोडला होता. मुंगीनं त्यांच्याकडे वर बघितलं. मग अंगठा सरकला. अर्धा खांदा, अर्धं हसू, एक डोळा, आणि सायकलच्या दांडीवर ठेवलेला एक हात. बाही धुऊन धुऊन विटलेल्या हिरव्या रंगाची. तो हिरवा आम्हाला शेवटी सगळ्यात खालच्या खणात सापडला, खरखरीत हातकागदात. मुंगीनं त्यावर फोटो ठेवला, डोळे मिटले, उघडले. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, दुपारभर बघून उचललं होतं.

"आधी ते दिसले," ती म्हणाली.

मला तिथे भर दुकानात रडू आलं, आणि ते लपवायला मी उगाच फिती चाळत बसले.

घरी आल्यावर जाऊबाईंनी पातं आणि पट्टी टेबलावरून उचलून कपाटात ठेवली, तिच्या देखत. फोटो लावायला कागदी कोपरे घेतले. हे कोपरे म्हणजे बोटाच्या पेराएवढे तिकोनी खिसे. कागदाला ते चिकटतात, फोटोला काही चिकटत नाही. तुला वाटेल तेव्हा काढून घे, त्या म्हणाल्या, आणि मुंगीनं खरंच दोनदा काढून, पुन्हा बसवून बघितला. एरवी फोटो पानाच्या मधोमध बसवणाऱ्या जाऊबाईंनी तो डावीकडे अगदी कडेला घेतला होता. उजवीकडे पान रिकामं. मी विचारलं, ताई, एवढी जागा कशाला?

"त्यांचं उरलेलं अंग कुठे जाईल?" त्या म्हणाल्या.

इतकी वर्षं मी या बाईबरोबर एका घरात राहते. त्यांच्या हाताचं कौतुक मी नेहमीच केलं. पण त्या दिवशी वाटलं, की आपण फक्त हातच बघत आलो.

मुंगी त्या रिकाम्या जागेकडे बघत बसली. मग तिनं दप्तरातून पेन्सिल काढली. जाऊबाईंच्या पानावर आजवर दुसऱ्या कुणी टिंबसुद्धा दिलेलं नाही. पण त्यांनी नुसता दिवा जरा जवळ सरकवला. मुंगीनं फोटोच्या कडेपासून रेघ पुढे ओढली. दुसरा खांदा आला, हसण्याचं दुसरं टोक आलं, पँट आली, चपला आल्या. दुसऱ्या हाताशी येऊन मात्र ती अडली. बोटं जमेनात. खोडलं, पुन्हा काढलं, पुन्हा खोडलं. तिची आई दारात तोंडावर पदर धरून उभी होती.

आमचे धाकटे दीर तेवढा वेळ खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला होते, त्या चेष्टेनंतर ते मुंगीच्या वाऱ्यालाही उभे राहत नव्हते. ते हळूच आले, तिच्या समोर खाली बसले आणि सायकलची दांडी धरावी तशी मूठ करून हात टेबलावर ठेवला.

"हा बघून काढतेस?"

मुंगीनं त्या हाताकडे बघितलं, मग फोटोकडे, मग पुन्हा हाताकडे. बोटं तिनं स्वतःच्या हातानं थोडी सैल करून दिली.

"काका, हलू नका," ती म्हणाली आणि पेन्सिल टेकवली.

जेवतानाही एका जागी न बसणारा तो माणूस तिचं चित्र पुरं होईपर्यंत हात तसाच धरून बसून राहिला.